बीएमआय २६.९ आला आहे. याचा नेमका अर्थ काय घ्यायचा?

खामलेकर
नमस्कार मंडळी. वय ४१, उंची १६८ सेंमी, वजन ७६ किलो. कंपनीच्या वार्षिक तपासणीत बीएमआय (उंची-वजनावरून काढतात तो आकडा) २६.९ आला आणि पुढे 'ओव्हरवेट' असा शेरा. तोच कागद आमच्या फॅमिली डॉक्टरांना दाखवला, तर ते म्हणाले, "आपल्याकडच्या निकषाने हा लठ्ठपणाच झाला." एकच आकडा, दोन शेरे.

मला तसा काही त्रास नाही. तीन मजले चढून जातो, दम लागत नाही. काम नागपूरच्या मिहानला, दिवसभर खुर्चीत. वडिलांना पन्नाशीच्या आतच शुगर निघाली होती, म्हणून मनात धाकधूक आहे. आई म्हणते, "अंगानं भरला आहेस, चांगला दिसतोस." बायको म्हणते पोट सुटलंय. गूगल केलं तर एकीकडे लिहिलंय की बीएमआय हे जुनाट आणि निरुपयोगी माप आहे, दुसरीकडे लिहिलंय की २५ च्या वर गेलात की हृदयविकार ठरलेलाच. इथे डॉक्टर मंडळी आहेत, अनुभवी लोक आहेत. २६.९ म्हणजे माझ्या तब्येतीबद्दल खरोखर काय कळतं, हे समजावून सांगाल का?

तर्रीप्रेमी
भाऊ, आधी हे सांगा, रविवारी सकाळी पोहे कुठं खाता? त्यावरून निदान करू. :)
गंमत सोडा, पण प्रश्न चांगला काढला. माझाही २६ च्या पुढेच आहे. वाचतो आहे.

गणितगुरुजी
गणित आधी मांडू. वजन किलोत, भागिले उंची मीटरमध्ये घेऊन तिचा वर्ग. १.६८ गुणिले १.६८ म्हणजे २.८२. ७६ ला २.८२ ने भागलं की २६.९. तुमच्या उंचीला बीएमआय २५ म्हणजे साधारण साडेसत्तर किलो आणि २३ म्हणजे ६५ किलो.

हे सूत्र बेल्जियमच्या अडॉल्फ केटले यांचं, १८३० च्या दशकातलं. ते खगोलशास्त्रज्ञ आणि सांख्यिकीचे अभ्यासक. समाजातल्या 'सरासरी माणसा'ची मोजमापं कशी असतात, हे त्यांना शोधायचं होतं. आजार ओळखण्याचा त्यात काही हेतू नव्हता. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेत अन्सेल कीज आणि सहकाऱ्यांनी उंची-वजनाची वेगवेगळी सूत्रं ताडून पाहिली, त्यात हे बरं निघालं, आणि 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव त्यांनीच रूढ केलं. सूत्रात फक्त उंची आणि वजन आहे. वजन हाडांचं की स्नायूंचं की चरबीचं, आणि चरबी असेल तर ती अंगात कुठे आहे, यातलं काहीही सूत्राला दिसत नाही. एवढं ध्यानात ठेवून पुढची चर्चा करू.

धंतोलीची_डॉक्टर
खामलेकर, तुम्हाला मिळालेले दोन्ही शेरे बरोबर आहेत. निकष वेगवेगळे आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेची सर्वसाधारण वर्गवारी अशी: १८.५ ते २४.९ सामान्य, २५ ते २९.९ अतिवजन, ३० पासून लठ्ठपणा. कंपनीच्या तपासणीचं सॉफ्टवेअर बहुधा हीच वापरतं. पण आशियाई लोकांत मधुमेह आणि हृदयविकाराची जोखीम कमी बीएमआयलाच वाढायला लागते, हे पुढे दिसून आलं. संघटनेच्याच तज्ज्ञगटाने २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं की आशियाई देशांनी २३ आणि २७.५ या टप्प्यांवरही लक्ष द्यावं. भारतातल्या तज्ज्ञांनी २००९ मध्ये आपल्यासाठी निकष ठरवले: २३ ते २४.९ अतिवजन आणि २५ पासून लठ्ठपणा. तुमचे फॅमिली डॉक्टर हे धरून बोलले.

फरक किती मोठा आहे याचा अंदाज यावा म्हणून एक अभ्यास सांगते. इंग्लंडमध्ये साडेचौदा लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी तपासून २०२१ मध्ये एक निष्कर्ष आला. गोऱ्या लोकांत बीएमआय ३० ला टाइप २ मधुमेहाची जेवढी जोखीम असते, तेवढी दक्षिण आशियाई लोकांत २३.९ लाच असते. आपण २३.९ ला स्वतःला सडपातळ समजत असतो.

आता २६.९ चा अर्थ. हा आजार नाही. तुम्हाला अमुक होणारच, असंही तो सांगत नाही. पुढच्या तपासण्या आता टाळू नका, एवढं मात्र तो नक्की सांगतो. कंबरेचा घेर, बीपी, उपाशीपोटी साखर आणि तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीएवनसी), लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी), यकृताच्या एन्झाइम्स. वडिलांना मधुमेह आहे म्हणून तुमच्या बाबतीत हे जास्तच गरजेचं. आणखी एक विचारते: रात्री घोरता का? दिवसा डोळा लागतो का?

संत्रानगरी
डॉक्टरताई, आदर ठेवून असहमती नोंदवतो. ज्या सूत्राला स्नायू आणि चरबी यातला फरक कळत नाही, त्यावर माणसाला लठ्ठ ठरवायचं आणि वर तपासण्यांची यादी द्यायची, हे मला पटत नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशननेच २०२३ मध्ये ठराव करून बीएमआयच्या मर्यादा मान्य केल्या. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या विश्लेषणात, जवळपास २९ लाख लोकांत, २५ ते ३० वाल्यांचा मृत्युदर सामान्य वजनवाल्यांपेक्षा सहा टक्के कमी निघाला. मग घाबरवता कशाला?

आखाडा_भाऊ
संत्रानगरी +१. आमच्या तालमीत या, पोट्टे दाखवतो. उंची १७०, वजन ८२, बीएमआय २८ च्या वर आणि कंबर ८२ सेंमी. त्याले कोण लठ्ठ म्हणन? सकाळी जोर-बैठका, संध्याकाळी मेहनत. त्याच्या अंगावर चरबी शोधून दाखवा बाप्पा.

मेडिकल_चौक
आखाडा भाऊ, तुमच्या पोट्ट्यासाठी बीएमआय खरंच चुकीचा आहे. पण खामलेकर जोर-बैठका मारत नाहीत, खुर्चीत बसतात. खुर्चीत बसणाऱ्याचं २६.९ बहुतेक वेळा चरबीचंच असतं. उलटीच अडचण जास्त लोकांची आहे: बीएमआय २२, हातपाय काटकुळे, आणि पोट पुढे. त्यांना हा आकडा 'सब ठीक' सांगतो आणि ते निर्धास्त राहतात.

@संत्रानगरी, २०१३ चा अभ्यास खरा आहे, पण त्यावर मोठा वाद झाला, तोही माहीत असू द्या. सिगारेट ओढणारे लोक बारीक असतात आणि लवकर मरतात. कॅन्सर, टीबी, सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) असलेल्यांचं वजन आजारानेच उतरलेलं असतं. असे लोक सामान्य वजनाच्या गटात मिसळले की तो गट आजारी दिसतो आणि जाड लोक निरोगी. २०१६ मध्ये चार खंडांतल्या अभ्यासांचा डेटा एकत्र करून 'लॅन्सेट'मध्ये विश्लेषण आलं. त्यात कधीच धूम्रपान न केलेले आणि सुरुवातीला मोठा आजार नसलेले असे सुमारे ३९ लाख लोक घेतले, पहिल्या पाच वर्षांतले मृत्यू वगळले. मग सगळ्यात कमी मृत्युदर २० ते २५ मध्ये निघाला. २५ ते २७.५ ला जोखीम सात टक्क्यांनी जास्त, २७.५ ते ३० ला वीस टक्क्यांनी, आणि ३० ते ३५ ला पंचेचाळीस टक्क्यांनी.

सात टक्के म्हणजे आभाळ कोसळलं असं नाही. पण 'फायदाच आहे' हेही खरं नाही. आणि हा फक्त मृत्यूचा हिशोब आहे. मधुमेह माणसाला लगेच मारत नाही, वीस वर्षं औषधं, डोळे, किडन्या, पाय यांच्या मागे लावतो. वडिलांचं बघितलं असेल तुम्ही.

पुण्यातला_नागपूरकर
मेडिकल चौक यांचा 'बीएमआय २२ आणि पोट पुढे' हा मुद्दा आला म्हणून लिहितो. पुण्यातल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्यभर काम केलं आहे. त्यांचा आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघंही शर्टात, शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. मोजणीत युडकिन यांच्या शरीरातली चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२. संशोधकाने स्वतःचंच शरीर पुराव्याला उभं केलं! 'बारीक दिसणारा पण चरबीचा भारतीय' ही कल्पना त्यांच्याच कामातून जगभर गेली. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांत त्यांना हेच दिसलं: वजन युरोपातल्या बाळांपेक्षा बरंच कमी, पण त्या मानाने चरबी टिकून. म्हणजे सगळा दोष पोह्यांचा नाही, तर्रीप्रेमी.

तर्रीप्रेमी
देव तुमचं भलं करो पुणेवाले.

रानजाई
विषय निघालाच आहे तर बोलते. माझा बीएमआय ३१ आहे. मागे पायाचा घोटा दुखायला लागला, म्हणून एका डॉक्टरांकडे गेले. हात न लावता, पाय न बघता उत्तर: "वजन कमी करा." पुन्हा गेले, पुन्हा तेच. शेवटी दुसरीकडे एमआरआय केला, तर हाडाला बारीक चीर निघाली. तोवर मी त्याच पायावर रोज 'वजन कमी करायला' चालत होते. लग्नाच्या बाजारात जे ऐकलं ते वेगळंच, ते इथे लिहीत नाही.

बीएमआयवर चर्चा जरूर करा. पण ज्याचा आकडा जास्त आहे, तो माणूस आळशी आहे, खादाड आहे असं गृहीत धरून कोणी बोलू नये, एवढी विनंती. मला पीसीओडी (हार्मोन्सचा त्रास) आहे, आणि मी इथल्या बऱ्याच जणांपेक्षा जास्त चालते.

धंतोलीची_डॉक्टर
रानजाई, तुमच्या बाबतीत जे झालं ते चूकच होतं. वजनाकडे बोट दाखवलं की तपासायचं राहून जातं, आणि असा अनुभव आला की माणूस दवाखान्यात यायचंच टाळतो. त्याचं नुकसान वजनापेक्षा जास्त होतं. वजन किती राहणार यात आनुवंशिकता, हार्मोन्स, झोप, काही औषधं (स्टेरॉइड, काही मानसोपचाराची औषधं) यांचा वाटा खूप मोठा असतो.

जानेवारी २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एका आयोगाने 'लॅन्सेट'च्या मधुमेहविषयक नियतकालिकात यावर चांगली मांडणी केली. केवळ बीएमआयवरून कुणाला आजारी ठरवू नका. आधी कंबरेच्या मापाने किंवा थेट चरबी मोजून खात्री करा. मग बघा, त्या चरबीमुळे एखाद्या अवयवाचं काम बिघडलंय का, रोजचं चालणं-बसणं अवघड झालंय का. झालं असेल तर तो आजार, उपचार करा. नसेल तर ती जोखीम, लक्ष ठेवा. संत्रानगरी, तुमच्या आक्षेपातलं जे योग्य आहे ते यात आलंय.

शिवणघर_महाल
कंबरेचं माप निघालं म्हणून लिहिते. महालात माझं शिवणकाम आहे, ब्लाउज, सलवार, पुरुषांचे कुडते. टेप माझ्या गळ्यातच असतो. एक गोष्ट रोज बघते: टेप लावला की माणूस श्वास ओढून पोट आत घेतो. सगळे घेतात, बाई असो की बाप्या. मी काहीतरी विचारते, "मुलगी कितवीत गेली?" उत्तर द्यायला तोंड उघडलं की श्वास सुटतो, पोट जागेवर येते, तेव्हा आकडा वाचते.

दुसरं, पुरुष सांगतात, "माझी कंबर ३४." ती पँटची कंबर. पँट तर पोटाच्या खाली, ढुंगणाच्या हाडावर अडकलेली असते. बेंबीपाशी टेप धरला की ३९ भरते. तेव्हा पँटच्या नंबरवरून हिशोब करू नका.

आणि एक सांगू? सारख्या वजनाच्या दोन बायका येतात. एकीच्या सलवारीला मांडीत घेर ठेवावा लागते, दुसरीला कुडत्याला पोटावर. मले वाटायचं हे फक्त शिवणातलंच गणित आहे. डॉक्टरताई, यात तब्येतीचा काही फरक असते का?

धंतोलीची_डॉक्टर
काकू, तुम्ही तर माझ्या ओपीडीत बसायला हव्या! फरक असतो, आणि मोठा असतो. मांडी-नितंबावरची चरबी कातडीखाली असते, ती बऱ्यापैकी निरुपद्रवी. पोटातली चरबी आतड्यांभोवती आणि यकृतात साठते. तिथून फॅटी अॅसिड्स सरळ यकृताकडे जातात, इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, साखर आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) वाढतात, बीपी वर सरकतं. आपल्या लोकांत कातडीखाली चरबी साठवायची क्षमता लवकर संपते आणि उरलेली आत जाते, असं बरेच संशोधक मानतात. म्हणून २६.९ आणि कंबर ८३ हा एक माणूस, २६.९ आणि कंबर ९९ हा वेगळा माणूस.

घरी मापायची रीत: सकाळी, उघड्या अंगावर, सरळ उभं राहून. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप आडवा, घट्ट न आवळता. नेहमीसारखा श्वास सोडला की वाचायचं. आपल्याकडे पुरुषांना ९० सेंमी आणि बायकांना ८० सेंमी ही मर्यादा धरतात. त्याहून सोपं म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत हवी. खामलेकर, तुमच्यासाठी ८४.

आखाडा_भाऊ
हे पटलं. उंचीच्या निम्मं. माझी मापली, बसते.

विमा_सल्लागार
जिममध्ये ते मशीन असतं ना, अनवाणी उभं राहिलं की चरबी टक्क्यांत दाखवतं, त्यावर विश्वास ठेवावा का? मला एकदा २४ दाखवलं, आठवड्यात २८.

मेडिकल_चौक
ते अंगातून सौम्य वीजप्रवाह सोडून, त्याला होणाऱ्या विरोधावरून अंदाज काढतं. अंगातल्या पाण्यावर सगळा खेळ. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत दुचाकीवरून जाऊन, घामाघूम होऊन उभे राहिलात तर आकडा हलणारच. त्याच मशीनवर, त्याच वेळी, महिन्या-दोन महिन्यांनी कल बघायला ठीक आहे. एका वाचनावर काही ठरवू नका. टेप जास्त भरवशाचा, आणि दहा-वीस रुपयांत येतो.

तर्रीप्रेमी
आता तब्येतीचा धागा आहे तर माझाही जीव की प्राण विषय काढतो. तर्री पोहे सोडावे लागतील का? खरं सांगा.

अंबाझरी_पहाट
सोडायचं काही नाही भाऊ, तर्रीकडे नीट बघा फक्त. ठेल्यावरचा तो भगोना आठवा. खाली काळे चणे आणि रस्सा, वर लाल तेलाचा बोटभर थर. पोहेवाला पळी बुडवताना आधी ती वरच्यावर फिरवतो, कारण रंग तिथेच असतो आणि गिऱ्हाईक रंगालाच भुलते. एक टेबलस्पून तेल म्हणजे साधारण १२० कॅलरी. तीनदा तर्री मागितली की किती झालं, तुम्हीच बघा. मी म्हणतो, "दादा, खालून चणे द्या." तो आता ओळखतो, न सांगता देतो. चणे उत्तम, पोह्यांवर कांदा-सांबार (कोथिंबीर) भरपूर. चव कुठं जात नाही.

सावजीचंही तेच. खसखस, सुकं खोबरं, मसाले भाजून वाटलेले, चव त्या वाटणात आहे. वर तरंगणारी तर्री थोडी बाजूला सारली तर कोणी हाटेलातून बाहेर काढत नाही. आणि घरच्या सांबारवडीबद्दल मी काही बोलणार नाही, हिवाळ्यात एकदा तरी व्हायलाच पाहिजे.

संत्रानगरी
आणि संत्रा बर्फी?

अंबाझरी_पहाट
पाहुणे आल्यावर. :)

चालण्याबद्दल थोडं. आम्ही काही जण अंबाझरीला पहाटे असतो. हिवाळ्यात मजा आहे, पण चैत्र-वैशाखात साडेपाचच्या आत निघावं लागते, नाहीतर ऊन डोक्यावर. दुपारी चालायचं धाडस कोणी करू नका, नागपूरच्या उन्हाशी मस्ती नको. आमच्यात एक बँकेतून निवृत्त काका आहेत. त्यांचं वजन काट्यावर फारसं हललं नाही, पण कंबर बरीच कमी झाली आणि बीपीची एक गोळी डॉक्टरांनी कमी केली. असं होते का डॉक्टर? वजन न उतरता फायदा?

मेडिकल_चौक
होतं. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या भारतीयांवर अभ्यास केला, २००६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. आहार आणि चालणं सुधारलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं, आणि वजनात म्हणावी तशी घट नव्हती. अमेरिकेतल्या २००२ च्या मोठ्या अभ्यासात ध्येय होतं सात टक्के वजन कमी आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम. तिथे मधुमेह ५८ टक्क्यांनी कमी झाला, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. म्हणजे चालण्याचा फायदा आहेच, वजनही थोडं उतरलं तर जास्त. गुडघ्यांनाही सुख: एक किलो कमी झाला की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो.

विमा_सल्लागार
वजन कमी करायची ती आठवड्याची इंजेक्शनं आली आहेत बाजारात, त्याबद्दल?

धंतोलीची_डॉक्टर
टिर्झेपटाइड मार्च २०२५ पासून आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड जून २०२५ पासून भारतात मिळतंय. काम करतात. पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या निकषांतच घ्यायची. थांबवल्यावर बऱ्याच जणांचं वजन परत येतं, आणि चरबीबरोबर स्नायूही जातात. २६.९ आला म्हणून मेडिकल स्टोअरमध्ये जाऊन मागू नका. कळकळीने सांगते.

खामलेकर
सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरताईंनी सांगितलेल्या तपासण्या करून आलो, म्हणून उशीर झाला.

कंबर ९७ सेंमी (शिवणघर काकूंच्या पद्धतीने, बायकोने गप्पा मारत मापली). एचबीएवनसी ५.९. उपाशीपोटी साखर १०८. ट्रायग्लिसराइड १९०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६. बीपी १३२/८४. यकृताची एक एन्झाइम थोडी वाढलेली होती, म्हणून सोनोग्राफी सांगितली, त्यात 'ग्रेड १ फॅटी लिव्हर'. घोरतो, हे घरून कळलं. दिवसा झोप येत नाही.

जिने चढताना दम लागत नाही म्हणून मी ठीक आहे, असंच धरून चाललो होतो. आतलं असं काही असेल याची कल्पना नव्हती. आता पुढे काय करू?

धंतोलीची_डॉक्टर
खामलेकर, वेळेत कळलं, हे फार चांगलं झालं. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या अलीकडची पायरी, आणि इथून मागे फिरता येतं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२३ मध्ये आलेल्या पाहणीनुसार देशात १३.६ कोटी लोक या पायरीवर आहेत, आणि त्यातल्या पुष्कळांना ते माहीतच नाही.

तुम्हाला ६५ किलो गाठायचं नाही. आधी ७६ वरून ७१-७२. पाच-सात टक्के एवढ्यानेच साखर, ट्रायग्लिसराइड आणि यकृतावरची चरबी, तिन्हींत फरक दिसायला लागतो. घाई नको, सहा महिने-वर्ष लागू द्या. रोज अर्धा तास झपझप चालणं, आणि आठवड्यातून दोनदा स्नायूंचा व्यायाम. बैठका, भिंतीला टेकून जोर चालतील. मिहानला जेवणानंतर लगेच खुर्चीत बसू नका, दहा मिनिटं कॉरिडॉरमध्येच फिरा. ताटात भात-पोळी थोडी कमी, त्या जागी वरण, उसळ, दही, अंडी जे चालत असेल ते. गोड चहा किती होतो ते मोजा, ऑफिसात तिथेच बरीच साखर जाते. दारू घेत असाल तर यकृतासाठी ती बंद. झोप सात तास. बीपी घरी आठवडाभर लिहून फॅमिली डॉक्टरांना दाखवा आणि तीन महिन्यांनी एचबीएवनसी पुन्हा करा. घोरणं वाढलं, किंवा झोपेत श्वास अडखळतो असं घरच्यांना दिसलं, तर तेव्हा थांबू नका, लगेच दाखवा.

काट्यावर रोज उभे राहू नका. महिन्यातून एकदा टेप लावा.

आखाडा_भाऊ
बैठका शिकायच्या असतील तर या तालमीत. गुडघा पुढं जाऊ न देता कशी मारायची ते दाखवतो. पैसे नाही घेत.

संत्रानगरी
खामलेकर, तुमचे आकडे वाचून मीही उद्या टेप लावतो. बीएमआयवरचा माझा आक्षेप कायम आहे, पण तपासणीवर नाही.

आजीची_नात
धागा वाचून आजीचा बीएमआय काढला. वय ७४, बीएमआय २६.२. तिचा रात्रीचा भात बंद करावा का? ती फार चिडते. आणि माझा भाऊ ११ वर्षांचा आहे, त्याचा २१ आला, म्हणजे तो ठीक ना?

धंतोलीची_डॉक्टर
आजीचा भात बंद करू नका. या वयात वजन उतरवताना स्नायू आधी जातात, मग तोल जातो, आणि पडल्यावर खुब्याचं हाड मोडतं. तिच्या बाबतीत मी वजनापेक्षा हे बघेन: हात न टेकता खुर्चीतून उठता येतं का, जिना चढते का, ताटात डाळ-दूध पुरेसं आहे का. बीपी आणि साखर नियमित तपासत असाल तर २६.२ ची चिंता नको. न सांगता-सवरता वजन आपोआप उतरायला लागलं, तर मात्र लगेच दाखवा.

भावाला मोठ्यांचे आकडे लावायचे नाहीत. मुलांचा बीएमआय वय आणि मुलगा-मुलगी यांनुसार वाढीच्या तक्त्यावर बघतात. अकराव्या वर्षी २१ हा त्या तक्त्यावर जास्त भरतो, 'ठीक' धरून सोडून देऊ नका. बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा, उंचीचा आणि वजनाचा जुना रेकॉर्ड शाळेच्या कार्डावर असेल तर सोबत न्या. त्याच्यासमोर वजनाचा विषय काढू नका आणि त्याला डाएटवर ठेवू नका. संध्याकाळी मैदानात खेळायला मिळतं का, एवढं आधी बघा.